आकाशातून ऊस ओळखायचा, तर खुणा किती करायच्या?



मागच्या महिन्यात एका गट ऑफिसवर ऊस नोंदीसंदर्भात बैठक झाली. बैठक आटोपली, चहा आला, आणि एक जुने सभासद आम्हाला म्हणाले, "साहेब, आता वरनं उपग्रह फोटो काढतोय म्हणं. शेतात काय हाय ते त्याला दिसतंय. मग तुमची पोरं टेप घेऊन आमच्या बांधावर कशाला फिरवताय? कारखान्याचं पेट्रोल तरी वाचंल." सगळे हसले, आम्हीही हसलो. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि त्याचे उत्तर एका चहात संपण्यासारखेही नव्हते. म्हणून या अंकात थोडे सविस्तर लिहीत आहोत.

फोटो वरून निघतो हे खरे. पण फोटोतला ऊस कोणता आणि केळी कोणती, हे फोटोला ठाऊक नसते. ते कोणीतरी सांगावे लागते. संगणकाला ते शिकवता येते, आणि एकदा का तो शिकला की हजारो एकर झपाट्याने पाहून टाकतो. मात्र शिकवायचे म्हणजे फोटोवर हाताने खुणा करून दाखवायचे. हा ऊस, हा ऊस नव्हे, इथे बांध, इथे वस्ती. हे खुणा करण्याचे काम केवढे मोठे आहे, ते कमी कसे करता येते आणि कुठे कमी करून चालणार नाही, हा आजचा विषय. आमच्या खात्याने या कामात हात घातला आहे आणि त्यात आपली मदत लागणार आहे.

नोंदीचे महत्त्व सभासदांना सांगायला नको. लागणीची तारीख आणि क्षेत्र यांवर तोडणी प्रोग्राम बसतो. क्षेत्र जास्त धरले गेले तर टोळ्या जास्त ठरवल्या जातात, उचल अंगावर पडते आणि हंगाम संपण्याआधीच गव्हाण रिकामी राहू लागते. कमी धरले गेले तर त्याहून वाईट. २०२१-२२ चा हंगाम कोणी विसरलेले नाही. राज्यात ऊस इतका झाला, की गाळप जून २०२२ पर्यंत लांबले. मराठवाड्यात मे महिन्याच्या उन्हात ऊस उभा, टोळ्या गावाकडे निघालेल्या आणि शेतकरी कारखान्याच्या दारात, असे दिवस होते. उन्हात उभ्या उसाचे वजन घटते आणि ज्याचा नंबर शेवटी, त्यालाच त्याची झळ लागते. म्हणून क्षेत्राचा आकडा वेळेवर आणि खरा मिळणे ही काही कागदी गोष्ट नाही.

आता वरचा फोटो म्हणजे नेमके काय ते पाहू. युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत. पहिला २०१५ साली गेला, दुसरा २०१७ साली. हे उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी आपल्या शिवारावरून जातात, आणि त्यांची चित्रे जगात कोणालाही फुकट मिळतात. आपल्या देशाचेही काम जुने आहे. आय.आर.एस.-१ए हा आपला नियमित सेवेतला पहिला दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी सोडला गेला, आणि देशपातळीवर पिकांचे अंदाज काढण्यासाठी दिल्लीत २०१२ पासून महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र चालते. साखर कारखान्यांची 'इस्मा' ही संघटनाही उसाच्या क्षेत्राचा अंदाज बांधताना उपग्रहाच्या चित्रांचा आधार घेते. तेव्हा कल्पना नवी नाही. देशाचा किंवा जिल्ह्याचा अंदाज निघतो. आपल्याला पाहिजे आहे ते वेगळे. आपल्याला प्लॉट पाहिजे.

इथे एक गंमत आहे. सेंटिनेल-२ च्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा असतो, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटर आणि वर थोडे. युरोपातल्या इंजिनिअरांना गुंठा माहीत असण्याचे कारण नाही, पण ठिपका बरोबर गुंठ्याचा आला आहे! वीस गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे चित्रात वीस ठिपके. त्यांतलेही निम्म्याच्या आसपास बांधावर पडतात. अर्धा ठिपका आपल्या उसाचा, अर्धा शेजाऱ्याच्या सोयाबीनचा, नाहीतर मधल्या पाटाचा. पाच एकरांच्या सलग उसाला हे चालून जाते. ज्यांची वाटणी होऊन बारा-बारा गुंठे राहिले आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र हा उपग्रह डोळे किलकिले करून पाहिल्यासारखा पाहतो. दीड मीटरचा ठिपका देणारी चित्रे मिळतात, पण ती विकत घ्यावी लागतात.

ऊस ओळखण्यात एक सोय आणि दोन अडचणी आहेत. सोय ही, की सोयाबीन, ज्वारी, हरभरा ही पिके तीन-चार महिन्यांत येतात आणि जातात. ऊस वर्ष-वर्ष, आडसाली तर दीड वर्ष रानात उभा असतो. हिरवे पान तांबडा प्रकाश खाऊन टाकते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून हिरवेपणा मोजता येतो. महिन्यामहिन्याचा हिरवेपणा ओळीने मांडला, की उसाची चढण लांब आणि सावकाश दिसते, आणि तोड झाली की एकदम कडा कोसळल्यासारखी खाली येते. पहिली अडचण अशी, की जुलै-ऑगस्टात आडसाली लागणीच्या वेळीच आभाळ भरलेले असते आणि चित्रात ढगांशिवाय काही येत नाही. त्यासाठी रडारचे उपग्रह वापरतात, ढगातूनही त्यांना दिसते. दुसरी अडचण म्हणजे केळी, हत्ती गवत आणि एकामागून एक घेतलेला चाऱ्याचा मका. वरून पाहिले तर हे सगळे उसाचे चुलतभाऊ दिसतात.

आता खुणांकडे येऊ. नवा चिटबॉय कामाला लागला, की पहिले आठ-दहा दिवस आम्ही त्याला जुन्या माणसाबरोबर फिरवतो. ही को ८६०३२, हा दोनशे पासष्ट, हा खोडवा, हा निडवा. आठवड्यात पोरगा तयार होतो, कारण तो शेतकऱ्याच्याच घरातला असतो. ऊस म्हणजे काय, पान म्हणजे काय, बांध म्हणजे काय हे त्याला आधीच माहीत असते. संगणक पाटी कोरी घेऊन येतो. त्याला फोटोतली वस्तू हुडकायला शिकवायचे, तर प्रत्येक वस्तूभोवती चौकोन काढून तिचे नाव लिहून द्यावे लागते, तेही शेकड्याने नाही, हजारांनी. २०१८ साली अमेरिकेत 'एक्सव्ह्यू' नावाचा असा एक साठा तयार झाला. १,४०० चौरस किलोमीटरच्या उपग्रह चित्रांत ट्रक, घरे, जहाजे अशा साठ प्रकारच्या दहा लाखांच्या आसपास वस्तूंभोवती चौकोन काढले गेले. दहा लाख चौकोन म्हणजे काय, याचा विचार करावा. चौकोन काढणारा कोणीतरी माणूसच असतो, पडद्यासमोर मान मोडून बसलेला.

या कष्टाचे मोजमापही झालेले आहे. एका वस्तूभोवती नीट, तपासलेला चौकोन काढायला नेहमीच्या पद्धतीने सुमारे ३५ सेकंद लागतात. २०१७ साली एडिंबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी साधी युक्ती काढली. चौकोनाचे कोपरे ओढत बसू नका. वस्तूचे सर्वांत वरचे, सर्वांत खालचे, सर्वांत डावे आणि सर्वांत उजवे टोक, एवढ्या चारच ठिकाणी टिचकी मारा. चौकोन आपोआप तयार होतो. वेळ ७ सेकंदांवर आला. आपल्या हिशेबात बसवून पाहू. समजा वीस हजार प्लॉट आहेत. ३५ सेकंदांप्रमाणे एकशे चौऱ्याण्णव तास, म्हणजे आठ तासांचे चोवीस दिवस. ७ सेकंदांप्रमाणे एकोणचाळीस तास, पाच दिवस. टेप धरायची पद्धत बदलल्याने मोजणी पाचपट लवकर उरकावी, तसेच हे.

पण ही झाली हाताची चपळाई. खरी बचत आहे ती खुणाच कमी कराव्या लागण्यात. त्याचे आमच्या मते सर्वांत चांगले उदाहरण आफ्रिकेतले आहे. पश्चिम आफ्रिकेत सहारा वाळवंट आणि त्याला लागून असलेला साहेल नावाचा कोरडा पट्टा आहे. तिथे झाडे नाहीतच असे लोक समजत. कोपनहेगन विद्यापीठाचे मार्टिन ब्रँड्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा लाख चौरस किलोमीटरवरची, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त क्षेत्रावरची झाडे एक-एक करून मोजली आणि २०२० साली ती मोजणी प्रसिद्ध झाली. १८० कोटींहून अधिक झाडे निघाली. त्यासाठी माणसाने हाताने खुणा केलेली झाडे होती सुमारे नव्वद हजार. एका खुणेमागे वीस हजार झाडे! नव्वद हजार हा आकडाही लहान नाही, पण त्या खुणा वाळवंटातल्या, माळावरच्या, शेतातल्या, दाट आणि विरळ, सगळ्या तऱ्हेच्या जागी केल्या होत्या. सर्व खुणा एकाच नदीकाठी केल्या असत्या, तर नव्वद हजारांच्या नऊ लाख करूनही माळावरचे झुडूप यंत्राला ओळखता आले नसते.

आपल्याला याहून जवळचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. शेताचे बांध उपग्रहाच्या चित्रावरून आपोआप आखायचे, हे काम फ्रान्समध्ये सोपे पडते. तिथली शेते मोठी, आणि अनुदानासाठी तिथला शेतकरी दर वर्षी आपल्या शेताच्या हद्दी आणि पीक सरकारकडे नोंदवतो. ते नकाशे सर्वांना खुले आहेत, म्हणजे लाखो खुणा आयत्या तयार. भारतात तसे काही नाही, आणि आपली शेते पडली गुंठ्यांची. २०२२ साली शेरी वांग, फ्रान्स्वा वाल्डनर आणि डेव्हिड लोबेल या तिघा संशोधकांनी यावर वाट काढली. यंत्राला आधी फ्रान्सच्या शेतांवर शिकवले. बांध म्हणजे काय, शेत कसे असते हे त्याने तिथे पाहून घेतले. मग भारतातली फक्त दहा हजार शेते हाताने आखून त्याला दाखवली. त्यातही एक शहाणपण केले. एका चित्रात शेते पुष्कळ असली तरी सगळी आखत बसले नाहीत. चित्रागणिक पाचच शेते आखली आणि यंत्राला सांगितले, की या पाचांपुरता तुझा हिशेब तपासू, बाकीच्या जागेबद्दल आम्ही काही म्हणत नाही. त्यामुळे तेवढ्याच कष्टात देशाच्या कितीतरी जास्त कोपऱ्यांतली शेते यंत्राने पाहिली.

फळ काय मिळाले? दीड मीटरच्या चित्रांवर यंत्राने आखलेले शेत आणि माणसाने आखलेले शेत एकमेकांवर ठेवले, तर दोन्ही मिळून व्यापलेल्या जागेपैकी सामाईक भाग, मधल्या प्रतीच्या शेताला, शंभरात पंच्याऐंशी भरला. आणि दुसरी गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. खुणा हजाराच्या आत असतील, तेव्हा फ्रान्समध्ये शिकून आलेल्या यंत्राला तेवढेच चांगले काम करायला दहापटीपर्यंत कमी भारतीय खुणा पुरल्या. दुसऱ्या कारखान्यात चार हंगाम काढून आलेला माणूस आपल्याकडे लवकर रुळतो, त्यातलाच हा प्रकार.

अलीकडे आणखी एक सोय झाली आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये मेटा कंपनीने असे एक यंत्र खुले केले, की चित्रातल्या वस्तूवर मध्यभागी एक टिचकी मारली, की तिची कड ते स्वतः आखून देते. ते शिकवताना ११० कोटी वस्तूंच्या कडा वापरल्या गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या त्या यंत्रानेच, आधीच्या शिकवणीवरून, स्वतः आखलेल्या होत्या. गूगलने २०२१ साली आफ्रिकेतली ५१ कोटींहून अधिक घरे अशीच हुडकली. हाताने खुणा केलेली घरे साडेसतरा लाख, आणि पुढे यंत्राचा स्वतःचा अंदाज त्यालाच पुन्हा धडा म्हणून वापरला गेला. ही पद्धत उपयोगी आहे. मात्र यंत्र स्वतःचेच गिरवू लागले, की चूकही गिरवते. केळीला एकदा ऊस म्हणाले, तर पुढच्या फेरीत ते अधिक ठासून म्हणेल. बांधावर लिंबाची सावली पडली असेल तर आखलेली कड सावलीवरून जाते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

आता आपल्या कामाकडे. गेल्या वर्षी आम्ही एका गटापुरता प्रयोग करून पाहिला. चिटबॉयच्या मोबाइलवर प्लॉटची जागा टिपायची आणि ऊस, जात, लागणीची तारीख भरायची, एवढेच काम होते. पहिल्या पंधरवड्यात आमच्या एका पोराने इतक्या खुणा पाठवल्या, की आम्ही खूश झालो. मग नकाशावर पाहिले, तर निम्म्या खुणा एकमेकींवर चढलेल्या. चौकशी केली. पोरगा दुपारच्या उन्हात एका बांधावरच्या लिंबाखाली बसून समोर दिसतील तेवढ्या प्लॉटांची माहिती भरत होता, आणि मोबाइल बिचारा प्रत्येक वेळी लिंबाचीच जागा टिपत होता. पोराला आम्ही रागावलो, पण खरी चूक आमची. जास्त खुणा पाठवील त्याचे कौतुक करू, असे आम्हीच सांगून बसलो होतो. त्या सगळ्या खुणा रद्द केल्या. मोजक्या खुणा असतात तेव्हा एकेक चुकीची खूण जड जाते, कारण तिला झाकायला बाकीच्या नसतात.

त्यावरून जी रीत बसवली आहे ती अशी. शक्यतो प्लॉटच्या आत पंधरा-वीस पावले जाऊन जागा टिपायची. मोबाइलची जागा पाच-सात मीटर इकडेतिकडे होऊ शकते, आणि बांधावर उभे राहून टिपले तर खूण शेजाऱ्याच्या रानात जाऊन पडते. मोठ्या उसात शिरता येत नाही, पाचट अंगाला लागते, हे आम्हाला समजते. म्हणून लागणीनंतर नोंद घ्यायला येऊ तेव्हाच, ऊस गुडघ्याएवढा असताना, हे काम उरकायचे आहे. त्या वेळी चिटबॉयला "बांधावरनंच लिही की" असे कृपा करून सांगू नये.

आयत्या खुणा आपल्याकडेही आहेत, हे लक्षात यायला आम्हाला वेळ लागला. नोंदवही ही एक. पण तिच्यात गट नंबर आणि क्षेत्र एवढेच असते. साठ गुंठ्यांच्या गटात तीस गुंठे ऊस लिहिला, तर तो ओढ्याकडचा की रस्त्याकडचा, हे वही सांगत नाही. अशा अर्धवट माहितीवरही यंत्र काही शिकते, मात्र सावकाश. त्यापेक्षा भरवशाची वही म्हणजे काट्यावरची पावती. ज्या प्लॉटातून अमुक तारखेला ऊस तुटून काट्यावर आला, तो ऊसच होता, यात वाद नाही. त्याच तारखेच्या मागेपुढे त्या जागेचा हिरवेपणा चित्रात एकदम पडलेला दिसला, की वही आणि चित्र यांची गाठ पडली. मागच्या हंगामांच्या पावत्या अशा लावून घेतल्या, तर कोणाला बांधावर न पाठवता शेकडो पक्क्या खुणा मिळतात.

इथे थोडे स्पष्ट बोलावे लागेल. भावाच्या नावावर नोंद, ऊस आपल्या गटात. किंवा नोंद एका गटाची आणि तोड दुसऱ्या गटाची. किंवा तोच प्लॉट दोन कारखान्यांकडे नोंदवलेला. का होते ते आम्हाला माहीत आहे. लवकर तोड मिळावी म्हणून होते, आणि लवकर तोड मिळत नाही याला आम्हीही जबाबदार आहोत. उपग्रहाला सातबारा वाचता येत नाही. तो फक्त जागा पाहतो. अशी पावती धडा म्हणून गेली, की यंत्र मोकळ्या रानाला ऊस म्हणायला शिकते, आणि त्याचा फटका कुठल्या तिसऱ्याच गावच्या सभासदाच्या क्षेत्राला बसतो. म्हणून ज्या पावतीची आणि चित्राची गाठ पडत नाही, ती आम्ही बाजूला काढून ठेवतो. तिचा उपयोग कोणावर कारवाईसाठी करायचा नाही, असे आम्ही खात्यात ठरवले आहे. नाहीतर पुढच्या वर्षी खरे कोणी सांगणार नाही.

मग माणूस पाठवायचा तरी कुठे? तर जिथे यंत्र अडखळते तिथे. चार-पाचशे खुणांवर शिकलेले यंत्र सगळे शिवार पाहून प्रत्येक प्लॉटला सांगते, की हा ऊस असल्याची मला इतकी खात्री आहे. जिथे ते छातीठोक सांगते, तिथे जाऊन अजून एक खूण आणण्यात फायदा थोडा. जिथे ते निम्मे हो, निम्मे नाही म्हणते, तिथे जायचे. हुशार नवा पोरगा प्रत्येक प्लॉटला थांबवून विचारत नाही. वाटेत एखाद्या रानापाशी गाडीचा वेग कमी करतो आणि म्हणतो, "साहेब, हे काय म्हणायचं?" गेल्या वर्षी अशा अडखळलेल्या जागांची यादी काढून आम्ही फिरलो, तर बऱ्याच ठिकाणी हत्ती गवत, काही ठिकाणी केळी, आणि काही ठिकाणी नांगे फार पडल्यामुळे विरळ राहिलेला खोडवा निघाला. त्या खोडव्याच्या मालकांशी नांगे भरण्याबद्दल आणि पाचट ठेवण्याबद्दल बोलणे झाले, हा वरचा फायदा.

एक सावधगिरी मात्र पाळावी लागते, आणि तीत आम्ही काटकसर करणार नाही. यंत्र किती बरोबर आहे हे ठरवण्यासाठी जे प्लॉट तपासायचे, ते आमच्या सोयीने निवडायचे नाहीत आणि यंत्राच्या अडखळण्यावरूनही नाहीत. चिठ्ठ्या टाकून निवडायचे. शिवाय शिकवलेल्या प्लॉटच्या शेजारचाच प्लॉट परीक्षेला घ्यायचा नाही. तीच जमीन, तेच पाणी, बहुधा एकाच दिवशी एकाच बेण्याची लागण. मग यंत्र पास होणारच. म्हणून काही गावे पूर्णपणे बाजूला ठेवली आहेत. त्या गावांतली एकही खूण यंत्राला दाखवायची नाही, आणि परीक्षा तिथेच घ्यायची. या गावच्या काही सभासदांनी "आमच्या गावाला का वगळलं?" म्हणून तक्रार केली. वगळलेले नाही. परीक्षक म्हणून ठेवले आहे.

आणि एक. बहुतेक सभासदांना वाटते, की कारखान्याला उसाचीच माहिती पाहिजे. तसे नाही. ऊस नाही, हेही यंत्राला तितकेच सांगावे लागते. केळी, मका, हत्ती गवत, द्राक्षबाग, आमराई ज्यांच्याकडे असेल, त्यांनी चिटबॉय आला तर तीही जागा टिपून द्यावी. "आमचा तिथं ऊस न्हाई, तू कशाला आलास?" असे म्हणून परत पाठवू नये. तो त्यासाठीच आलेला असतो.

यातून एक भीतीही व्यक्त झाली आहे. वरून क्षेत्र कमी दिसले म्हणून आमची नोंद कमी कराल का? आमचे स्पष्ट मत असे, की यंत्राच्या सांगण्यावरून कोणाचीही नोंद कमी करू नये किंवा रद्द करू नये. यंत्राचा आकडा गटाच्या, गावाच्या एकूण बेरजेसाठी, तोडणी प्रोग्राम आणि टोळ्या ठरवण्यासाठी वापरावा. एकेका प्लॉटचा वाद झाला, तर टेप काढावी आणि सभासदासमोर मोजावे. गुंठ्याचा ठिपका, आणि त्यातला निम्मा बांधावर, हे वर सांगितलेच आहे. बारा गुंठेवाल्याला त्या ठिपक्यांवर तोलणे अन्यायाचे होईल. हे मत आम्ही खात्याच्या बैठकीत मांडले आहे, आणि सभासदांनीही ते वार्षिक सभेत मांडावे.

तर पेट्रोल वाचेल का, या प्रश्नाचे उत्तर: काही वाचेल. सगळीकडे जाण्याऐवजी निवडक ठिकाणी जायचे आहे, पण तिथे गाडी बांधावर लावून आत चालत जायचे आहे. पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी १५ ऑक्टोबरपासून सुरू होतील. त्या वेळी प्रत्येक गट ऑफिसवर यंत्र अडखळलेल्या जागांची यादी लावलेली असेल. आपला गट नंबर तीत असेल तर कृपया घाबरू नये. येऊन त्या जागी काय आहे तेवढे सांगावे, किंवा चिटबॉयबरोबर रानात यावे.

ज्यांनी हा प्रश्न विचारला, त्या सभासदांचा गट नंबर गेल्या वर्षीच्या यादीत होता. बैठकीनंतर आम्ही त्यांच्याबरोबर रानात गेलो. ऊस नव्हता, केळी होती, आणि तीही घड उतरवायला आलेली. पंधरा पावले आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने मोबाइलवर खूण केली आणि विचारले, "आता पुन्हा न्हाई ना म्हणणार ऊस?" यंदाची यादी निघाली की कळेल, असे सांगून आम्ही दोन फण्या केळी घेऊन परत आलो.